झोपेची तरतूद

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या महामार्गावर चिनहट हा भाग आहे. एकेकाळी झिलईदार भांड्यांसाठी नावाजलेले हे गाव आता महानगरात सामावून गेले असून तेथे औद्योगिक वसाहत, शिक्षणसंस्था, नव्या गृहवसाहती आणि अर्थातच बँकांच्या शाखाही उभ्या राहिल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये शनिवार व रविवार यांच्या मधल्या एका रात्री येथील एका बँकशाखेच्या भिंतीला भगदाड पाडून चोरटे आत शिरले आणि त्यांनी ४२ लॉकर फोडले. पोलिसांनी वेगाने तपास करून काही आरोपींना गाठले, ऐवजाचा काही भाग हस्तगतही झाला. गेलेल्या सोन्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. परंतु त्या रात्रीनंतर ४२ घरांतून जी झोप गेली असेल, तिची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्या असतात, सुनेचे स्त्रीधन असते, मुलीच्या लग्नासाठी दर दिवाळीस थोडे थोडे घेतलेले सोने असते. हा ऐवज घरात असला की रात्री डोळा लागत नाही, म्हणून तो बँकेत ठेवला जातो. तेव्हा ग्राहक लॉकरचे जे वार्षिक भाडे भरतो, ते वस्तुतः निश्चिंत झोपेचे भाडे होय. झोप हा विषय केवळ वैद्यांचा नसून बँकेच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो तो असा. ठेव, कर्ज, विमा, निवृत्तिवेतन या साऱ्यांच्या मुळाशी माणसाची एकच इच्छा असते, रात्री स्वस्थ झोपता यावे. आणि ही झोप एकदा रुसली की ती परत कशी आणावी याविषयी समाजात जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच अन्य विषयात असतील.

वेढा आणि पहारा

चिनहटच्याच इतिहासात या प्रश्नाचा एक धागा सापडतो. ३० जून १८५७ रोजी चिनहटनजीक इस्माईलगंज येथे उठावातील सैन्याने सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव केला. माघार घेतलेले इंग्रज लखनौच्या रेसिडेन्सीत कोंडले गेले आणि सुप्रसिद्ध वेढा सुरू झाला. बाहेरची पहिली कुमक २५ सप्टेंबर रोजी आत पोहोचली, तोवर ८७ दिवस लोटले होते. अखेरची सुटका होण्यास तर नोव्हेंबर उजाडला. भिंतीपलीकडून तोफा डागल्या जात असताना पहाऱ्यावरच्या माणसास झोप आली नाही, तर त्यास कोणी रोगी म्हणणार नाही. तेथे जागे राहणे हेच शहाणपण होते.

माणसाचे मन हा असाच एक पहारेकरी आहे. नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, कर्जाचा हप्ता थकला, आयुष्यभराची पुंजी चोरीस गेली, की तो जागा राहतो. हे जागरण स्वाभाविक आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत संकट निवळले की तेही निवळते. खरा प्रश्न उद्भवतो तो वेढा उठल्यानंतर. संकट सरले, तरी पहारेकरी बुरुजावरून उतरेना, अशी अवस्था झाली म्हणजे निद्रानाश हा स्वतंत्र विकार ठरतो. झोपेसाठी पुरेसा वेळ व सोय असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री, सलग ३ महिने झोप लागत नसेल अथवा टिकत नसेल, आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये या विकाराची उकल तीन पायऱ्यांत केली. पहिली पायरी मूळ प्रवृत्तीची, काही माणसे स्वभावतःच सावध झोपेची असतात. दुसरी निमित्ताची, एखाद्या आघाताने झोप उडते. तिसरी पायरी पोषक सवयींची आणि तीच सर्वांत महत्त्वाची. झोप उडालेला माणूस ती भरून काढण्यासाठी जे उपाय करतो, तेच उपाय निद्रानाशाला खतपाणी घालतात. तो लवकर अंथरुणास पाठ टेकतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डुलकी काढतो, रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहतो. परिणामी अंथरूण हे झोपेचे स्थान न राहता काळजीचे स्थान होऊन बसते. निमित्त केव्हाच विस्मृतीत जाते, सवय मात्र मागे उरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वेढा खरोखरच पडलेला असेल, तर आधी तो उठवण्याचे प्रयत्न व्हावेत. ज्याची ठेव बुडाली आहे त्यास दीर्घ श्वासाचे व्यायाम सांगणे ही थट्टा होईल. काळजीचे कारण कागदावर आणता येण्यासारखे असेल, तर ते दिवसाउजेडी कागदावर आणावे. लॉकरचेच उदाहरण घेता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयानंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयक सुधारित नियम जाहीर केले व ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे अथवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक या कारणांनी ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या चालू वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर ही रक्कम ३ लाख रुपये होते. लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँकेकडे नसते आणि त्या ऐवजाचा विमाही बँक उतरवत नाही. म्हणून ऐवजाची यादी, छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या, नामनिर्देशन आणि गरज वाटल्यास स्वतंत्र विमा या गोष्टी ग्राहकाने स्वतः करून ठेवाव्यात. एका दुपारचे हे काम पुढील अनेक रात्रींना पुरते.

झोप पाहून अंथरूण

कारण दूर झाल्यावरही, अथवा ते दूर होण्यासारखे नसतानाही, झोप येत नसेल तर काय करावे? गेल्या अर्धशतकातील संशोधनाने याचे जे उत्तर दिले आहे, ते सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेले नियम आजही प्रमाण मानले जातात. डोळे जडावल्याशिवाय अंथरुणात जाऊ नये. अंथरुणात वाचन, हिशेब, दूरचित्रवाणी, मोबाईल, वादविवाद यांपैकी काहीही करू नये. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद प्रकाशात शांत बसावे आणि झोप आली की परतावे. वीस मिनिटे मोजण्यासाठी घड्याळ मात्र पाहू नये. रात्र कशीही गेली, तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे. दिवसा झोपू नये.

दुसरा उपाय आकडेमोड करणाऱ्या वर्गास विशेष पटावा असा आहे. एखादी व्यक्ती रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे ९ तास अंथरुणात असते आणि प्रत्यक्षात साडेपाच तास झोपते, असे समजू. अंथरुणातील वेळेशी झोपेचे हे प्रमाण सुमारे ६१ टक्के झाले. निरोगी झोपेत ते ८५ टक्के वा त्याहून अधिक असावे. हे प्रमाण वाढवण्यासाठी झोप ओढूनताणून वाढवता येत नाही, पण अंथरुणातील वेळ कमी करता येते. तीच व्यक्ती रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच वेळ अंथरुणात राहिली, तर तितक्याच झोपेत प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. तुटक झोप सलग होऊ लागते. ती स्थिरावली की अंथरुणातील वेळ दर आठवड्यास पंधरा मिनिटांनी वाढवावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे मराठीत म्हणतात. येथे झोप पाहून अंथरूण पसरावयाचे आहे.

हा उपाय सोपा दिसला, तरी पहिले दोन आठवडे तो कठीण जातो, दिवसा झापड येते. म्हणून अंथरुणातील वेळ ५ तासांच्या खाली कधीही आणू नये. अपस्मार वा उन्माद-विषाद यांसारखे विकार असणाऱ्यांनी, तसेच वाहन वा यंत्र चालवणाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये. या व अशा उपायांच्या एकत्रित उपचारास संज्ञानात्मक वर्तनोपचार म्हणतात. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांसाठी हाच पहिला उपचार असावा, अशी शिफारस केली आणि युरोपीय तज्ज्ञांचे मतही तेच आहे.

बँकेच्या कामकाजात एक शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय रोखपाल खुर्ची सोडत नाही, पण एकदा जुळली आणि तिजोरी बंद झाली की उद्याचा व्यवहार उद्याच होतो. मनाच्या बाबतीत मात्र हे खाते रात्रभर उघडे राहते. संध्याकाळी, निजण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून, उद्याची कामे व आजच्या काळज्या एका वहीत लिहून काढल्या तर हा ताळेबंद मिटवता येतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी निजताना पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिली, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ९ मिनिटे आधी झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण वहीचा खर्चही लहानच आहे.

देहाचे प्रहर

लखनौ आणि महाराष्ट्र यांना जोडणारे एक नाव म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईच्या या वकिलाने हिंदुस्थानी संगीताला शास्त्रशुद्ध मांडणी दिली आणि १९२६ मध्ये लखनौ येथे संगीत महाविद्यालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या मांडणीत रागांच्या समयविचारास मोठे स्थान आहे. भैरव पहाटेचा, यमन संध्याकाळचा, मालकंस मध्यरात्रीचा. रागाला जसा प्रहर असतो, तसा देहालाही असतो. शरीराच्या प्रत्येक पेशीत सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालते. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ दररोज लावले जाते ते मुख्यतः सकाळच्या उजेडाने. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर लखनौमध्ये सव्वापाचच्या आसपासच. बदलीवर उत्तरेस गेलेल्या मराठी कुटुंबाने खिडकीला जाड पडदे लावून आठपर्यंत झोपण्याऐवजी त्या लवकरच्या उजेडात अर्धा तास फिरून यावे. रात्रीची झोप सकाळीच आरक्षित होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

निजण्यापूर्वी शरीराचे आंतरिक तापमान किंचित उतरू लागते. चिनहटच्या कुंभारांना यातील मर्म निराळ्या प्रकारे ठाऊक असणार. भट्टी विझवल्यावर ती आपोआप थंड होऊ द्यावी लागते. घाईने उघडली तर भांड्यास तडा जातो. मनुष्यही रात्री दहापर्यंत कामाच्या धगीत राहून सव्वादहाला झोपेची अपेक्षा करतो आणि तडा जातो तो त्याच्या प्रकृतीस. निजण्याआधीचा एक तास निवण्यासाठी राखून ठेवावा. दिवे मंद करावेत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, खोली शक्य तितकी थंड व अंधारी असावी. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडण्यास साधारण पाच तास लागतात. तेव्हा लखनौच्या थंडीतील संध्याकाळचा कुल्हडातील चहा कितीही मोहक असला, तरी ज्याची झोप नाजूक आहे त्याने तो दुपारीच घ्यावा. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. म्हणून तो उपाय समजणे चूक आहे.

आपल्या परंपरेनेही झोपेला आळसाच्या रांगेत बसवलेले नाही. चरकसंहितेत आहार व ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला देहाचा एक आधारस्तंभ मानले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रा आणि अतिजागरण ही दोन्ही योगाला प्रतिकूल म्हटली आहेत.

गोळीचा मोह

झोपेची गोळी हा अनेक घरांतील अघोषित सदस्य झाला आहे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणलेली, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा मिळवलेली, अर्धीची पाऊण आणि पाऊणची एक झालेली. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे अनुसूची एच-१ मध्ये समाविष्ट असून वैद्यकीय चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही आणि औषध विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. हा निर्बंध विनाकारण नाही. या गोळ्यांची सवय जडते, ज्येष्ठांमध्ये रात्री तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका वाढतो. थोड्या दिवसांच्या आघातात डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी उपयोगी पडते हेही खरे. परंतु ती तारण न ठेवता घेतलेल्या हातउसन्यासारखी आहे. घेताना सोपी, फेडताना जड. आणि जे ती अनेक महिने घेत आहेत, त्यांनी ती स्वतःच्या मनाने एकाएकी बंदही करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील, तर तो श्वासावरोधाचा विकार असू शकतो. त्यावर झोपेची गोळी घेणे धोक्याचे ठरते, तपासणी करून घ्यावी. निराशा, रडू येणे, जगणे नकोसे वाटणे हे निद्रानाशासोबत असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

संस्थांचे कर्तव्य

येथवरचा विचार व्यक्तीपुरता झाला. परंतु प्रत्येकाची रात्र त्याच्या स्वाधीन नसते. चिनहटमधील देवा मार्गावर टाटा मोटर्सचा मोठा कारखाना आहे आणि अशा औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांनी काम करणारे हजारो हात असतात. त्यांच्याखेरीज परिचारिका, सुरक्षारक्षक, वाहनचालक आहेत. रात्रपाळीचे काम कर्करोगास संभवतः कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच म्हटले आहे. पहाटे घरी परतलेल्या माणसास सकाळच्या उजेडाचे महत्त्व सांगून काय उपयोग? त्याच्यासाठी अंधारी खोली, घरच्यांनी पाळलेली शांतता आणि पाळ्या वारंवार व उलटसुलट न बदलणारा मालक हाच खरा उपचार होय.

कार्यालयेही यास अपवाद नाहीत. जागून काम करणारा तो कर्तबगार, अशी एक समजूत मुरलेली आहे. रात्री अकरा वाजता कार्यालयीन गटावर आलेला संदेश आणि त्यास सव्वाअकराला दिलेले उत्तर यांत निष्ठा पाहिली जाते. प्रौढांस किमान ७ तास झोप आवश्यक आहे, हे तज्ज्ञांचे मत आता सर्वमान्य आहे. अपुऱ्या झोपेचा कर्मचारी आकडा चुकवतो, ग्राहकावर चिडतो, आणि सही न जुळणारा धनादेश त्याच्या नजरेतून सुटतो. कर्मचाऱ्याची झोप ही संस्थेच्या जोखीम व्यवस्थापनाची बाब मानली गेली पाहिजे. अत्यावश्यक नसलेला संदेश सकाळपर्यंत थांबवणे यास एक पैसाही खर्च येत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही एक विचार आवश्यक आहे. एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र उपलब्ध झाली. ही मोठी सोय आहे, पण तिचा अर्थ ग्राहकानेही अहोरात्र जागे राहावे असा नव्हे. उलट, यंत्रणा झोपत नाही म्हणूनच माणसाला झोपता यावे. मध्यरात्री आठवलेला भरणा सकाळीही होतो. आणि रात्री घाबरवून तत्काळ पैसे मागणारा दूरध्वनी आलाच, तर तो फसवणुकीचा समजून बंद करावा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी.

बँकांनी आपल्या बाजूने भिंती भक्कम कराव्यात, सुटीच्या रात्री धोक्याची घंटा चालू आहे याची खातरजमा करावी, लॉकरचे नियम ग्राहकास साध्या भाषेत आणि आधीच समजावून सांगावेत. चिनहटच्या त्या ४२ लॉकरधारकांना नुकसानभरपाईची मर्यादा चोरीनंतर कळणे आणि आधी ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे. विश्वास हा बँकेचा खरा व्यवसाय आहे आणि विश्वासाचे सर्वांत साधे माप म्हणजे ग्राहकाला लागणारी झोप. ताळेबंदात संभाव्य नुकसानीसाठी तरतूद करणे ही जशी जबाबदार बँकेची रीत आहे, तशी प्रत्येक घराने आपल्या दिनक्रमात झोपेची तरतूद करावी. उठण्याची वेळ निश्चित ठेवावी, काळज्या दिवसा उरकाव्यात, अंथरूण केवळ झोपेसाठी राखावे. एवढे केल्यावर पहारेकऱ्याने बुरुजावरून खाली उतरण्यास हरकत नसावी.